दुरुस्तीची वही : खानापूरच्या अण्णांची दफ्तरं वाचवायची आहेत

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अण्णांवर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. ते जाऊन वर्ष होत आलं. घरच्यांची इच्छा नाही म्हणून पूर्ण नाव लिहीत नाही. तालुक्यात सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, आणि खानापूर स्टँडवर शबनम लटकवून बसची वाट बघताना ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना नाव सांगायची गरज नाही.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो होतो. घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय. माळ्यावरून तीन पत्र्याच्या ट्रंका खाली काढल्या. एकीत वर्तमानपत्रांची कात्रणं, दुसरीत शिलालेखांचे शाईठसे गुंडाळून ठेवलेले, तिसरीत वह्या. ठशांच्या दोन गुंडाळ्यांना वाळवी लागून गेली आहे, कात्रणांना कसर लागलीय. वह्या बऱ्या आहेत. दिवाळीपर्यंत सगळं हलवा असं वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, सांगितलंय. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ते एका मराठी दैनिकाचे तालुका बातमीदार होते, तीसेक वर्षं. मानधन कॉलम सेंटिमीटरवर मिळायचं आणि घर स्टेशनरीच्या दुकानावर चालायचं. दुकानाच्या फळीवरच कार्बन घालून बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि बेळगावला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची. ती बस चुकली की बातमी शिळी. पाऊस, भाताचा भाव, ग्रामदेवतेची यात्रा, मलप्रभेचा पूर, जांबोटीच्या जंगलात हत्ती किंवा गवे आले, असलं सगळं ते लिहायचे.

इतिहासाकडे ते वळले ते एका न सापडलेल्या दगडामुळे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीवर (बस्ती म्हणजे जैन मंदिर) रविवार पुरवणीला लेख हवा होता. अण्णांनी वाचनालयात बसून १८८४चं मुंबई इलाख्याचं बेळगाव गॅझेटियर वाचलं, बस्तीतल्या कोरीव लेखांची माहिती उतरवून घेतली आणि किल्ल्यात जाऊन लेख शोधायला लागले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं बांधलेली बस्ती, तिला दिलेली जमीन, हे सगळं ज्या शिळांवर आहे त्या शिळाच तिथं नाहीत. पुजाऱ्याला विचारलं, किल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. बरेच महिने पत्रव्यवहार केल्यावर धारवाडच्या एका अभ्यासकांनी कळवलं, की त्या शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांचं वाचनही कधीच छापून झालेलं आहे.

मला एकदा म्हणाले, "बातमीदार आहे ना मी. वस्तू जागेवर नाही, हीच पहिली बातमी." त्या दिवसापासून तालुक्यात कुठला दगड जागेवर आहे नि कुठला नाही, याची नोंद ते ठेवू लागले. शेवटपर्यंत.

आता ज्या वहीसाठी हा धागा काढला तिच्याबद्दल. त्या लेखात अण्णांनी बस्तीचं साल १२०५ छापलं होतं. शिळेवर शके ११२७ आहे, त्यात ७८ मिळवले की १२०५ येतं. आठवड्यात सौंदत्ती भागातल्या एका कन्नड शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. शिळेवर संवत्सराचं नाव रक्ताक्षी दिलंय, रक्ताक्षी १२०४ला सुरू होतं, म्हणजे इथे शक 'गत' (पुरी झालेली वर्षं) नसून 'वर्तमान' (चालू वर्ष धरून) मोजलाय, तुमचं साल एकानं पुढे गेलं. अण्णांनी पुढच्या रविवारी दुरुस्ती छापायला लावली. आणि एक शंभर पानी वही घेऊन तिच्यावर 'दुरुस्ती' असं लिहिलं. आपण काय चुकीचं छापलं, कुणी लक्षात आणून दिलं, बरोबर काय, कुठे छापलं. अशा सात वह्या ट्रंकेत मिळाल्या.

मला विचाराल तर त्यांच्या दोन्ही छापील पुस्तिकांपेक्षा या सात वह्या मोलाच्या आहेत. त्यांचं काय करायचं ते मिळून ठरवूया. आणि ज्यांच्याकडे अण्णांची पत्रं, फोटो, आठवणी असतील त्यांनी इथे लिहावं.

गोवावेस

कात्रणं तुकडे पडायच्या आत लॅमिनेट करून घ्या. आमच्या आजोबांची प्रमाणपत्रं तशी केली, दहा वर्षं झाली, काही झालं नाही. खर्चाला मी हजार रुपये देतो.

मोडीवाचक

@गोवावेस, मनापासून विनंती, लॅमिनेशन अजिबात नको. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो आतून आम्लानंच जळत असतो, म्हणून पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. प्लॅस्टिकमध्ये बंद केला तरी आतलं जळणं थांबत नाही, आणि चिकटलेलं प्लॅस्टिक पुढे कुणाला काढता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरं खातो. घड्या उलगडून कात्रणं सपाट ठेवा, मध्ये साधा पांढरा कोरा कागद घाला. दोरीनं करकचून बांधू नका, खादीच्या जुन्या धुतलेल्या कापडात ठेवा. ट्रंक भिंतीला टेकवू नका, जमिनीवर थेट ठेवू नका. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू.

आणि कुठलीही गोष्ट हलवायच्या आधी ती कुठल्या ट्रंकेत, कुठल्या गठ्ठ्यात, कशाच्या शेजारी होती ते लिहून फोटो घ्या. अण्णांनी दोन कागद एकत्र बांधले असतील तर त्याला कारण असणार.

त्यांच्याकडे मोडी कागद होते का? मी बऱ्यापैकी वाचतो.

टिळकवाडीकर

आहेत. वह्यांच्या ट्रंकेच्या तळाला एक रुमाल आहे, त्यात साठ-सत्तर कागद. त्यांच्या चिठ्ठीवर फक्त 'कुलकर्ण्यांच्या माळ्यावरून, बंब पेटवायला काढले होते' एवढंच आहे.

मोडीवाचक

हीच गोष्ट गावोगाव घडली. कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्यानं गेली, पाटलांची १९६१च्या. गावचं दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात होतं त्यांचा त्या कागदांशी संबंध संपला आणि ते माळ्यावर पडले. पेशवाईत आणि पटवर्धनांच्या मुलखात इथला महसुली कारभार मोडीत चालायचा, त्यामुळे आज घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. वाचता येत नाही तो कागद बंबात जातो.

एक-दोन फोटो टाका. सुरुवातीला 'सलास सबैन मया व अलफ' असलं काही दिसलं तर घाबरू नका, तो मंत्र नाही, साल आहे. अलफ हजार, मया शंभर, सबैन सत्तर, सलास तीन. सुहूर सन ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी १७७२-७३. मृगापासून वर्ष सुरू होतं म्हणून दोन आकडे.

निपाणीकर

अण्णा आमच्याकडे आले होते ते १९८१च्या तंबाखू आंदोलनात. शरद जोशी, हमरस्त्यावर बसलेले शेतकरी, ६ एप्रिलचा गोळीबार, हे सगळं मोठ्या पेपरांत आलं. जिल्ह्यातून जास्तीचे बातमीदार पाठवले होते त्यांत अण्णा. आमच्या ओसरीवर झोपायचे. मी तेव्हा आठवीत होतो.

मला आठवतं ते असं, की दिवसभर बाकीचे पुढाऱ्यांच्या मागे असायचे आणि अण्णा संध्याकाळी वखारीतून सुटणाऱ्या बायकांना गाठायचे. तंबाखू कुटताना, चाळताना धुरळा छातीत जातो, त्यावर गूळ खातात; हजेरी किती, तान्हं पोर कुठे ठेवता; असं विचारत बसायचे. माझ्या आईनं त्यांना वखारीतले शब्द सांगितले होते, ते त्यांनी वहीत लिहून घेतले. छापून किती आलं ठाऊक नाही. पण त्या वहीत आईचे शब्द असतील तर मला एकदा बघायचेत. आई आता नाही.

टिळकवाडीकर

@निपाणीकर, 'निपाणी' लिहिलेली एक वही आहे. अजून उघडलेली नाही, पानं चिकटलीत. ती आधी घेतो. तुम्हाला कळवतो.

हलशीची माहेरवाशीण

आमच्या हलशीला अण्णा वर्षातून दोनदा तरी यायचे. शाळेत असताना त्यांनी आम्हा मुलींना भूवराह नृसिंहाच्या देवळात नेलं आणि तिथल्या लेखातलं साल वाचून दाखवलं. गोव्याच्या कदंबांच्या अशा लेखांत शकाऐवजी कलियुगाची वर्षं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कलियुग ४२७०, त्यातून ३१०१ वजा केले की ११६९. शिवचित्त पेर्माडी राजाच्या काळातलं. ते गणित आम्ही पायरीवर खडूनं केलं होतं आणि त्यांनी नंतर पाण्यानं पुसायला लावलं. लेखावर खडू, पीठ, काही लावायचं नाही हा त्यांचा दंडक. अक्षर पुसट असेल तर रात्री या आणि बॅटरी दगडाला लावून आडवा उजेड टाका म्हणायचे. आम्ही चौघी घरी सांगून रात्री गेलो होतो, सोबत काका. दिवसा सपाट दिसणारा दगड आडव्या उजेडात अक्षरांनी भरून येतो. ते बघितल्यापासून मी इतिहासच शिकवायचं ठरवलं, आणि आज शिकवते.

दुसरं एक. पेर्माडीची राणी कमलादेवी, तिनं देगावला कमल नारायणाचं देऊळ बांधलं. अण्णा सांगायचे, हलशीला या तेव्हा देगावलाही जा, कारण इथे राजाचं काम बघितलंत, राणीचंही बघा. देगावचं कोरीवकाम जास्त चांगलं आहे हे त्यांचं मत होतं आणि माझंही आहे.

सीमावासी

आठवणी चांगल्या आहेत. पण माझा एक प्रश्न आहे आणि तो रागानं नाही, दुःखानं विचारतोय. अण्णांनी आयुष्यभर रट्ट, कदंब, कन्नड शिलालेख यांवर लिहिलं. आपला भाग म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) घातला त्या १ नोव्हेंबर १९५६पासूनचा आपल्या मराठी माणसाचा जो लढा आहे, सीमावादावरचा महाजन आयोग, नंतर २००४पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, त्यावर त्यांनी पुस्तक का लिहिलं नाही? त्यांच्या लेखातली वाक्यं समोरची मंडळी आपल्याविरुद्ध वापरतात, हे मी स्वतः सभेत ऐकलंय.

टिळकवाडीकर

@सीमावासी, प्रश्न रास्त आहे आणि अण्णांना तो त्यांच्या हयातीत अनेकांनी विचारला. मीही विचारला होता.

आधी वस्तुस्थिती सांगतो. १ नोव्हेंबरला निषेधाचा काळा दिन पाळतात, त्याच्या प्रत्येक फेरीची बातमी त्यांनी दिलीय, कात्रणं ट्रंकेत आहेत. १९६७ला महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा खानापूरच्या बाजारपेठेत काय वातावरण होतं ते त्यांच्या वहीत तासागणिक लिहिलेलं आहे. ते स्वतः फेरीत चालायचे. मराठी शाळेसाठी अर्ज लिहून द्यायला त्यांच्या दुकानात रांग असायची.

आता माझं मत. हलशीचे जुन्या कदंबांचे ताम्रपट संस्कृतात आहेत. कमल बस्तीचा लेख जुन्या कन्नडात आहे. बेळगाव किल्ल्यातल्या सफा मशिदीच्या खांबांवर रट्टांचा आणि यादव राजा कृष्णाचा लेख आहे, म्हणजे मशिदीला देवळाचे खांब लागलेत, आणि तिथेच फारसीही आहे. कुलकर्ण्याचं दफ्तर मोडी मराठीत. हे सगळं एकाच बसच्या मार्गावर. अण्णा म्हणायचे, मी चारपैकी एकच वाचली तर मला इथला पाव इतिहास कळेल, आणि पाव इतिहासावर मी दावा कसला करू? आपल्या मागणीचा आधार आज इथे राहणाऱ्या माणसांची बोली आणि इच्छा हा आहे. तो भक्कम आहे. त्याला आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाची भाषा बदलून घ्यायची गरज नाही. त्यांनी तसं केलं असतं तर पहिलं पोस्टकार्ड त्याच सौंदत्तीच्या मास्तरांचं आलं असतं, आणि ते बरोबर असतं.

त्या मास्तरांची नि अण्णांची पुढे पस्तीस वर्षं मैत्री होती. हे कन्नड अडखळत वाचायचे, ते मराठी अडखळत. काळ्या दिनाला अण्णा फेरीत असायचे आणि मास्तर त्याच दिवशीच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. दुसऱ्या दिवशी एक कार्ड इकडून जायचं, एक तिकडून यायचं.

सीमावासी

वाचलं. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. पण १९६७ची ती पानं छापली पाहिजेत. टायपिंग मी करतो. माझे वडील त्या वर्षी तिथेच होते.

शहापूर पेठ

मी थोडं वेगळं लिहितो, कुणी वाईट मानू नये. अण्णांचं स्थलनामांवरचं काम कच्चं आहे. गावाच्या नावाची फोड करून त्यावर गोष्ट रचायची, ही जुन्या लेखकांची सवय त्यांना होती. पहिल्या पुस्तिकेत निम्मी पानं असलीच आहेत. बेळगाव म्हणजे वेणुग्राम हे लेखांत आहे, सौंदत्ती म्हणजे सुगंधवर्ती, हलशी म्हणजे पलाशिका, हेही लेखांत आहे. जिथे लेखाचा आधार नाही तिथे त्यांनी थांबायला हवं होतं.

पण शहापूरबद्दल त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नाही. शहापूर १९४८पर्यंत सांगली संस्थानात होतं, बेळगाव ब्रिटिशांकडे. आज आपण चालत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातो, तेव्हा ते राज्य बदलणं होतं. अण्णांनी इथल्या विणकरांना, सराफांना भेटून जकात कुठे बसायची, माल कसा यायचा, भानगड करून कोण कुठे पळून यायचं, हे लिहून घेतलं. ती माणसं आता एकही हयात नाही. माझ्या आजोबांची मुलाखत त्यात आहे. हे त्यांचं खरं काम, आणि ते बातमीदाराचं काम आहे. दगड आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी वाचेल. माणूस त्याच वर्षी विचारावा लागतो.

टिळकवाडीकर

शहापूर पेठ यांच्याशी पूर्ण सहमत. आणि एक दाखवतो. दुरुस्तीच्या पाचव्या वहीत अण्णांनी स्वतःच लिहिलंय : 'पहिल्या पुस्तिकेतली गावनावांची पानं रद्द समजावी. आधार ऐकीव. पुन्हा छापू नये.'

हलशीची माहेरवाशीण

हे वाचून गलबलून आलं. ती पुस्तिका त्यांनी पदरच्या पैशानं छापली होती, वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

मोडीवाचक

पत्रकारितेतून इतिहासात येणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे. साताऱ्याचे द. ब. पारसनीस मासिकं चालवत चालवत कागद जमवू लागले. इतिहासाचार्य राजवाड्यांनीही साधनं छापायच्या आधी 'भाषांतर' मासिक चालवलं. फरक असा की त्यांच्या पाठीशी छापखाने, मंडळं, क्वचित संस्थानिक होते. अण्णांच्या पाठीशी वहिनी आणि स्टेशनरीचं दुकान. वह्या मात्र दुकानातल्याच मिळाल्या असतील.

टिळकवाडीकर

हो, प्रत्येक वहीच्या मागे किंमत लिहिलीय आणि ती त्यांनी दुकानाच्या हिशेबात भरलीय.

आता ठरवूया. येत्या रविवारी सकाळी दहाला खानापूरला जमायचं. मोडीवाचक, निपाणीकर, माहेरवाशीण, सीमावासी यांनी निरोपातून होकार कळवलाय. वहिनींना विचारून ट्रंका तात्पुरत्या माझ्याकडे आणतो, माझं घर पहिल्या मजल्यावर आहे, ओल नाही. आधी सात दुरुस्तीच्या वह्यांचे फोटो काढायचे, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, प्रत्येक पानाचा. मग निपाणीची वही. मूळ कागद पुढे कुठे द्यायचे तो निर्णय वहिनींचा, आपण फक्त पर्याय सांगायचे.

काल रात्री सातवी वही चाळत होतो. शेवटच्या पानांवर न सुटलेले प्रश्न आहेत, पुढे उत्तराला जागा कोरी. त्यातला एक वीरगळाबद्दलचा (लढाईत पडलेल्याच्या स्मरणाचा कोरीव दगड) इथे देतो : 'नंदगड रस्ता. ओढ्याअलीकडे आंब्याखाली वीरगळ. तीन कप्पे. खाली लढाई, घोडा एक. मध्ये अप्सरा. वर लिंगपूजा, चंद्र-सूर्य. डावा वरचा कोपरा फुटका. रुंदीकरणानंतर पाहिला, जागेवर नाही. ठेकेदाराला विचारलं, ठाऊक नाही. कुठे?'

नंदगडचा शेतकरी

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही. तो दगड आहे. रस्ता झाला तेव्हा जेसीबीनं बाजूला लोटला होता, आमच्या बाबांनी बैलगाडीत घालून आणला. आमच्या विहिरीवर आहे, बायका त्यावर कळशी ठेवतात. डावा कोपरा फुटका आहे. घोडा आहे. बाबांना वाटलं देव आहे, म्हणून दसऱ्याला हळद-कुंकू लावतो. चुकलं असेल तर सांगा.

टिळकवाडीकर

काही चुकलं नाही दादा. तुमच्या बाबांनी वाचवला तो. कळशी तेवढी दुसरीकडे ठेवायला सांगा. आणि रात्री बॅटरी आडवी धरून एक फोटो काढा, शेजारी शाळेची पट्टी उभी ठेवा म्हणजे माप कळेल. विहीर कुठल्या शेतात तेही लिहा. वही माझ्यासमोर उघडी आहे, कोऱ्या जागेत भरतो.